सुरुवातीची दीड मिनिटं : विद्यार्थी लघुपटाची ओपनिंग कशी आखावी?

चौथी_पायरी | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरमध्ये प्रोजेक्ट जमा करायचाय. आम्ही पाच जण मिळून बारा मिनिटांचा लघुपट करतोय.

गोष्ट थोडक्यात अशी. गंगाघाटावर (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) पूजेच्या साहित्याचं दुकान चालवणारी आजी आणि तिची दहावीतली नात. ऑगस्टमधली एक दुपार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय, भोंगा लावलेली गाडी फिरतेय, आजूबाजूचे लोक दुकानं आवरताहेत. आजी घाटावरच्या मारुतीच्या मोठ्या मूर्तीकडे बघून म्हणते, "दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागू दे, मग उचलू." नातीला धीर धरवत नाही. पुढचा सगळा सिनेमा या दोघींचा.

पटकथा झाली आहे. घोडं अडलंय ते पहिल्या दीड मिनिटावर. आमच्यात तीन मतं आहेत. आमच्या कॅमेरामनला ड्रोनने वरून गोदावरी, देवळं, मग हळूहळू दुकानावर उतरायचंय. दुसऱ्या मित्राकडे २०१९ च्या पुराच्या मोबाईल क्लिप्स आहेत, त्याला त्या सुरुवातीला टाकायच्यात. मला स्वतःला आजीच्या हातांपासून सुरुवात करावीशी वाटते, वाती वळतानाच्या. पण का, ते मला मित्रांना पटवून देता येत नाहीये.

तुम्ही कुठून सुरुवात केली असती? ज्यांनी सिनेमा केलाय त्यांनी सांगाच, पण ज्यांनी फक्त पूर पाहिलाय त्यांनीही सांगा.

---

फ्रेमवेडा | १२ मे, रात्री १०:०५

ड्रोन! विषयच संपला. गोदाघाट वरून जो दिसतो तो खालून दिसत नाही.

---

सिडकोवासी | १२ मे, रात्री १०:२१

फ्रेमवेडा, उडवणार कुठून आणि कसा? आपल्या शहरात देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिकरोडला नोट प्रेस आहे, ओझरला विमानतळ आहे. ड्रोन नियम २०२१ चे आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी बघायचं की आपली जागा लाल, पिवळी की हिरवी. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला परवाना लागत नाही म्हणून लोक खुशाल उडवतात, पण लाल पट्ट्यात तो छोटा ड्रोनसुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. शिवाय शहर पोलिसांची मनाई वेगळी असू शकते. पोरांनो, प्रोजेक्टपायी पोलीस ठाण्याच्या चकरा मारू नका. घाटावर साधं ट्रायपॉड लावायचं तरी कॉलेजचं पत्र घेऊन महापालिका आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या आणि ती खिशात ठेवा.

---

तिवंधा | १२ मे, रात्री १०:४८

वाचनखूण साठवली. विषय फारच जवळचा आहे.

---

संकलक | १२ मे, रात्री ११:३०

मूळचा पंचवटीचा, आता मुंबईत एडिटिंग करतो. चौथी_पायरी, तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

ओपनिंग सुंदर हवी की वेगवान हवी, हे वाद नंतरचे. आधी स्वतःला विचारा, पुढचे साडेदहा मिनिटं कळायला प्रेक्षकाला कोणती एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे? तुमच्या सिनेमात ती गोष्ट म्हणजे मारुती ही पाण्याची मोजपट्टी आहे, ही. तुम्हाआम्हाला हे जन्मापासून माहीत आहे. "मारुतीच्या कमरेला लागलं" म्हटलं की नाशिककराच्या पोटात गोळा येतो. सोलापूरच्या परीक्षकाला मात्र तो एक मोठा मारुती आहे, बास. त्याला हे कळलं नसेल तर आजीचं "गुडघ्याला लागू दे" हे वाक्य हवेत विरेल आणि सगळा ताण गेला.

म्हणजे पहिल्या दीड मिनिटात एकही संवाद न वापरता तीन गोष्टी पोचायला हव्यात. नदी कुठे आहे, मारुती काय मोजतो आणि या बाईचं त्या नदीशी काय नातं आहे. ड्रोनने पहिली पोचेल, दुसरी पोचणार नाही. पुराच्या क्लिप्सनी भीती पोचेल, पण बाई पोचणार नाही. आणि वातींनी बाई पोचेल, नदी पोचणार नाही. म्हणून तुमचं तिघांचंही जमत नाहीये.

आणखी एक. नदी पडद्याच्या कुठल्या बाजूला ते आजच ठरवा. समजा डावीकडे. मग अख्ख्या सिनेमात आजी नदीकडे बघेल तेव्हा डावीकडेच बघेल. दुकान वेगळीकडे शूट केलंत आणि नदी वेगळ्या दिवशी, तरी प्रेक्षकाच्या डोक्यात ती शेजारीशेजारी बसते, ती या एका शिस्तीमुळे. ही अक्षाची रेघ, म्हणजे कॅमेऱ्याने जिच्या एकाच बाजूला राहायचं ती मनातली रेघ, एकदा ओलांडलीत की नजर चुकते, आणि मग कितीही चांगला अभिनय असू द्या, ती बाई भिंतीकडे बघतेय असं वाटतं.

---

फ्रेमवेडा | १२ मे, रात्री ११:४४

संकलकदादा, हे पटलं. ड्रोन मागे घेतो. पण मारुती मोजपट्टी आहे हे संवादाशिवाय दाखवणार कसं?

---

निवृत्त_मास्तर | १३ मे, सकाळी ६:१५

सकाळच्या चहाबरोबर धागा वाचला. फार बरं वाटलं.

बाळांनो, तुम्ही नाशिकचे आहात म्हणून एक आठवण करून देतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले, ३० एप्रिल १८७० ला. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले तेही नाशकातच. ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला, हे आपण शाळेत पाठ करतो. त्याच्या आधी त्यांनी काय केलं ते फारसं कोणी सांगत नाही. भांडवल उभं करायचं होतं आणि हे चलच्चित्र म्हणजे काय ते कोणाला पटेना. तेव्हा १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाचं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ'. जे डोळ्याला दिसत नाही, इतकं हळू घडतं, ते पडद्यावर मिनिटाभरात उभं राहिलं, आणि पैसे देणाऱ्याला ते पटलं.

तुमच्याकडे मे महिना आहे. मारुती आत्ता कोरडा आहे. रोज एकाच जागेवरून त्याचा एक फोटो काढा, ऑगस्टअखेरपर्यंत. पाणी कसं चढतं ते आपोआप दिसेल. मोजपट्टी समजावून सांगायची गरजच राहणार नाही.

---

तिवंधा | १३ मे, सकाळी ७:०२

मास्तर __/\__ अंगावर काटा आला.

---

द्राक्षबाग | १३ मे, सकाळी ७:३०

दिंडोरीहून. आम्ही द्राक्षाच्या घडाचे असेच फोटो काढतो, छाटणीपासून तोडणीपर्यंत. सगळ्यात अवघड काय असतं सांगू? रोज *त्याच* जागी उभं राहणं. दोन बोटं इकडेतिकडे झाली की फोटो एकमेकांवर बसत नाहीत. आम्ही बांबूला खिळा ठोकून ठेवलाय, मोबाईल त्याला टेकवायचा. तुम्हीही कठड्यावर खूण करा, आणि पाणी चढलं तरी जिथे पाय ओला होणार नाही अशी उंचावरची जागा निवडा. नाहीतर ज्या दिवशी फोटो खरा हवा त्याच दिवशी तुमची जागा पाण्याखाली.

---

संकलक | १३ मे, सकाळी १०:१०

मास्तरांची कल्पना लाख मोलाची. पण हिशेब आधी करून देतो, नाहीतर सप्टेंबरमध्ये पोरं रडतील. १ जून ते ३१ ऑगस्ट म्हणजे ९२ दिवस, ९२ फोटो. आपण सेकंदाला २५ फ्रेम धरतो. एक फोटो एक फ्रेम धरला तर सगळा पावसाळा पावणेचार सेकंदांतही संपतो. पापणी लवली की गेला.

मग करायचं काय? एक फोटो सहा फ्रेम थांबवा. ९२ गुणिले ६ म्हणजे ५५२ फ्रेम, २२ सेकंद. चित्र जरा अडखळत चालेल, वहीची पानं फडफडवल्यासारखं. मला ते आवडेल, कारण माणूस रोज येऊन बघतोय असं त्यातून वाटतं. गुळगुळीत हवं असेल तर दिवसाला एक फोटो पुरणार नाही.

---

पुणेरी_पाहुणा | १३ मे, दुपारी १२:२५

माझं थोडं वेगळं मत. टाइमलॅप्स आता सगळेच करतात. २२ सेकंद मारुती, मग वीस सेकंद नावं, मग गोष्ट सुरू. दीड मिनिटातलं अर्धं गेलं आणि माणूस आलाच नाही. मी तीन वर्षं एका विद्यार्थी महोत्सवाच्या निवडीसाठी लघुपट पाहिले. नाव सांगत नाही. रात्री अकराला तिसाव्या लघुपटाची सुरुवात गजर, डोळे उघडणं, दात घासणं, आरसा अशी झाली की हात आपोआप पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो. जागेचं सौंदर्य हाही एक आरसाच झालाय. मला पहिल्या वीस सेकंदांत असा माणूस हवा जो काहीतरी *करतोय*, आणि ते तो तसं का करतोय हे मला कळत नाहीये.

---

चौथी_पायरी | १३ मे, दुपारी १:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमची पोस्ट मी गटात मोठ्याने वाचून दाखवली. एक जूनपासून रोज फोटो काढायचं ठरलं, पाच जणांनी वार वाटून घेतलेत.

पण पुणेरीदादांचं म्हणणंही खरं आहे. माणूस हवा. वाती वळणं हे "का करतेय" असं नाही, ते कोणालाही कळतं. काहीतरी हवं जे नाशिकच्या बाहेरच्याला कळणार नाही आणि तो थांबून बघेल.

---

गंगेवरचा | १३ मे, रात्री ९:१५

मी सिनेमावाला नाही. आमचं दुकान घाटाच्या बाजूला आहे, आजोबांपासून. तांब्याचे गडू, कापूर, वाती, द्रोण, कुंकू. तुमची गोष्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ताई, एक सांगतो, राग मानू नका. कोणीही दुकानदार मारुतीच्या गुडघ्याची वाट बघत हातावर हात ठेवून बसत नाही. आमचे डोळे मारुतीकडे असतात आणि हात चालू असतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा मी नोकरीवरून धावत आलो, तर आईने अर्धं दुकान वर चढवलं होतं. २०१९ ला पुन्हा तेच. होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय ते मोबाईलवर येतच असतं, पण आई आकडा विचारत नाही. ती विचारते, "मारुती कुठवर?"

उचलायचा एक क्रम असतो. पहिल्यांदा खालच्या फळीवरचं कुंकू आणि कापूर. कापूर भिजला तर एक वेळ चालेल, पण कुंकवाची पोती ओली झाली की लाल चिखल होतो आणि तो पुढे दोन महिने फरशीतून निघत नाही. मग वाती. मग गल्ल्यातली खातेवही. तांबं-पितळ सगळ्यात शेवटी, ते पाण्याने मरत नाही, फक्त गाळ काढून चिंचेने घासावं लागतं. आणि देव्हारा आई स्वतः उचलते. दुसऱ्याला हात लावू देत नाही.

तुमची आजी हट्टी दाखवायची तर दाखवा, पण तिने खालची फळी आधीच रिकामी केलेली असू द्या. ज्याने पूर पाहिलाय तो माणूस फाजील धीट नसतो. तिला वरच्या फळीला हात लावायचा नाहीये, एवढाच तिचा हट्ट असेल.

आणखी एक गोष्ट. आमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे. पिवळट, गाळाची. दिवाळीला रंग देतो तेव्हा रंगारी विचारतो, ही पुसू का? आई म्हणते, राहू दे. चार दिवाळ्या झाल्या, रेघेच्या वरही रंग लागतो, खालीही लागतो, रेघ तशीच.

---

तिवंधा | १३ मे, रात्री ९:२२

बापरे. ही रेघच ओपनिंग आहे!

---

आवाजवाली | १३ मे, रात्री ९:२६

+१. रेघ. रेघ. रेघ.

---

पुणेरी_पाहुणा | १३ मे, रात्री ९:४०

गंगेवरचा, तुम्ही म्हणता सिनेमावाला नाही, पण तुमच्या एका परिच्छेदात मला हवं होतं ते सगळं आलं. रंगाऱ्याचा कुंचला भिंतीवरून खाली येतो, एका जागी थांबतो, ती जागा सोडून पुन्हा खाली सुरू होतो. का? मी थांबून बघणार. शंभर टक्के.

---

संकलक | १३ मे, रात्री ११:५५

हेच म्हणतो. शॉट डिव्हिजन मनात आलं तसं लिहितो, चौथी_पायरीने हवं तसं मोडावं.

पहिला शॉट जवळचा. भिंत, चुन्यात बुडवलेला कुंचला, वरून खाली. रेघेपाशी थांबतो. दुसरा, आजीचा हात फ्रेममध्ये येतो, अंगठा आणि तर्जनीमध्ये रेघ धरून दाखवतो की एवढी सोड. तोंड अजून दाखवू नका. तिसरा, कुंचला रेघेच्या खाली पुन्हा सुरू. चौथा, आजी वळते, डावीकडे, दाराबाहेर बघते. पाचवा, ती जे बघते ते, लांबवर कोरडा मारुती, त्याच्या पायाशी पोरं बसलेली. आणि इथून मास्तरांचे फोटो. तीच चौकट, आजीच्याच नजरेतून, दिवस सरकतात, पाणी पायाला लागतं, घोट्याला लागतं. तिथे तोडा आणि ऑगस्टची दुपार सुरू करा.

आता बघा, ते २२ सेकंद नुसता टाइमलॅप्स राहत नाहीत, ती आजीची रोजची नजर होते. म्हणून फोटोची जागा दुकानाच्या दारासारखी, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरची हवी. द्राक्षबागवाल्यांनी सांगितलेली उंच आणि कोरडी जागाही तीच असायला हवी, तेवढं शोधा.

बोलता बोलता सांगतो. सत्यजित राय यांच्या पहिल्या सिनेमात काशफुलांच्या रानातलं दृश्य आहे. पहिल्या दिवशी काही शॉट घेतले, पुढच्या रविवारी परत गेले तर गुरांनी सगळी काशफुलं खाऊन टाकलेली. उरलेलं घ्यायला पुढचा मोसम उजाडावा लागला. तुमचा कोरडा मारुती आणि रंगकाम हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत एका बैठकीत उरका. एकदा पाऊस पडला की घाटाचा दगड काळा होतो, तो मग ऑक्टोबरपर्यंत मेसारखा दिसत नाही. आणि सिंहस्थ २०२७ चा आहे, घाटावर काही काम निघालं तर चौकटच बदलेल.

---

आवाजवाली | १४ मे, सकाळी ८:२०

मी लोकेशन साउंड करते. सगळे चित्राबद्दल बोलताहेत म्हणून मी कानाबद्दल बोलते.

कुंचल्याचा आवाज वेगळा घ्या. चुना भिंतीवर बसतानाचा खरबरीत सर्र आवाज, अगदी दोन विती अंतरावरून, पंखा बंद करून. कॅमेऱ्याच्या माईकवर तो येणार नाही. दुकान जिथे घ्याल तिथली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, सगळ्यांना श्वास रोखून उभं करा. एडिटमध्ये दोन शॉट सांधायला तीच लागते. मे महिन्यातली पहाटेची गंगा पण घ्या, साडेचार-पाचला, कबुतरं, बादल्या, पायऱ्यांवरचं धुणं, लांबून घंटा. ऑगस्टमध्ये याच जागी फक्त पाण्याची घरघर असते. ओपनिंगमध्ये मेचा आवाज आणि फोटो सरकताना खालून हळूहळू चढणारी ती घरघर, एवढ्यावर पाणी डोळ्याआधी कानाला लागेल.

आणि हात जोडून एक विनंती. धोक्याच्या सूचनेचा भोंगा घाटावर शूटिंगसाठी वाजवू नका. काही झालं तरी नाही. खरी माणसं खरी दुकानं उचलायला धावतील. बंद खोलीत आवाज रेकॉर्ड करा, डबिंगमध्ये घाला.

---

सिडकोवासी | १४ मे, सकाळी ८:४५

आवाजवालीताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. आणि भर पुरात ट्रायपॉड घेऊन पायरीवर उतरायचं नाही. पुलावरून, बंदोबस्ताच्या मागे उभं राहून, जे दिसेल तेवढंच घ्यायचं.

---

फ्रेमवेडा | १४ मे, सकाळी ९:३०

दुकानात ट्यूबलाइट असेल तर एक काळजी घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मोबाईल किंवा कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर राहिला की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात, आणि तुमचा तर पहिलाच शॉट पांढऱ्या भिंतीचा आहे. चुना ओला असताना राखाडी दिसतो, वाळला की पांढरा, तेव्हा पुन्हा टेक घ्यायचा तर दुसरा कोरा तुकडा तयार ठेवा.

२०१९ च्या क्लिप्स वापरणार असाल तर आधी त्यांचा फ्रेमरेट एकसारखा करून घ्या. मोबाईल तो मध्येच कमीजास्त करतो आणि आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो.

---

चौथी_पायरी | १४ मे, रात्री १०:१५

काय बोलू कळत नाहीये. गेले तीन आठवडे आम्ही पाच जण भांडत होतो आणि इथे दोन दिवसांत वाट सापडली.

ठरलंय असं. पुराच्या क्लिप्स ओपनिंगमध्ये नाहीत. रेघ हाच २०१९ चा पूर. ज्या मित्राच्या क्लिप्स होत्या, त्यानेच हे सुचवलं. रेघ दिसल्यावर पूर दाखवायची गरज नाही म्हणाला. वाती आता शेवटच्या दृश्यात.

गंगेवरचा काका, तुमच्या आईंची परवानगी असेल तर आम्हाला ती रेघ एकदा बघायची आहे. कॅमेरा आणणार नाही. खोटी रेघ आम्ही दुसऱ्या भिंतीवर बनवू, पण ती खऱ्यासारखी बनवायची तर खरी बघावी लागेल.

---

गंगेवरचा | १४ मे, रात्री १०:५०

या की. आई म्हणाली, पोरांना बुधवारी बोलावू नको, बाजार असतो, धड बसता येणार नाही. गुरुवारी चारला या. चहा प्यायल्याशिवाय जायचं नाही, हे तिचंच वाक्य.

---

चौथी_पायरी | १८ मे, रात्री ९:००

सांगायचं राहिलं, आम्ही गुरुवारी जाऊन आलो.

रेघ आम्ही समजत होतो तशी सरळ नाही. कोपऱ्यात ती दोन बोटं वर चढते, कारण तिथे पाणी भोवऱ्यासारखं फिरत होतं, काकू (गंगेवरचा काकांच्या आई) म्हणाल्या. तिच्या खाली बारीक बारीक आणखी सहा-सात रेघा आहेत, पाणी उतरताना जिथे जिथे थांबलं तिथल्या. जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. एका जागी गाळात कुंकवाचा लाल डाग अडकलाय. आमच्या आर्टवाल्या मैत्रिणीने अर्धा तास नुसतं चित्र काढलं.

मी विचारलं, रेघ का ठेवता? मला वाटलं आठवण वगैरे म्हणतील. काकू म्हणाल्या, "फळी कुठे ठोकायची ते कळतं ना." रेघेच्या चार बोटं वर त्यांची दुसरी फळी आहे. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे चौथा शॉट बदलला. कुंचला रेघ सोडून खाली जातो, मग आजी त्याच रेघेवर चार बोटं ठेवते आणि पेन्सिलने खूण करते. नात खिळा धरते. मग वळून नदीकडे.

---

संकलक | १८ मे, रात्री ९:३५

चार बोटं! हे मला बसल्याजागी शंभर वर्षांत सुचलं नसतं. आणि नात इथेच आली, तीही काहीतरी करताना. आता सिनेमात पुढे नात जेव्हा म्हणेल की उचलू या, तेव्हा प्रेक्षकाला माहीत असेल की त्या फळीचा खिळा तिनेच धरला होता.

---

निवृत्त_मास्तर | १९ मे, सकाळी ६:०५

काकूंना माझा नमस्कार सांगा.

---

द्राक्षबाग | २ जुलै, दुपारी ३:१०

धागा वर काढतोय. इकडे कालपासून चांगला पाऊस आहे. फोटो चालू आहेत ना पोरांनो?

---

चौथी_पायरी | २ जुलै, रात्री ८:३०

चालू आहेत काका, ३१ झाले आजवर. एक दिवस चुकला, १९ जून, ज्याचा वार होता त्याला ताप होता आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. आम्ही भांडलो, मग मिटलं. तो दिवस रिकामाच ठेवायचा की शेजारचा फोटो दोनदा वापरायचा?

---

संकलक | २ जुलै, रात्री ९:१२

रिकामा ठेवा. सहा फ्रेम काळ्या. आजीलाही एखाद दिवशी बघायला जमलं नसेलच की.

---

चौथी_पायरी | ८ सप्टेंबर, रात्री ११:२०

पहिला कट झाला. ओपनिंग एक मिनिट ३४ सेकंद. रंगकाम आणि खिळा मेमध्येच घेतलं होतं, दुकान वरच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या गाळ्यात उभं केलं. पूर पुलावरून घेतला, सिडकोवासी काकांनी सांगितलं तसाच. पाणी यंदा ज्या दिवशी सगळ्यात वर होतं, त्या दिवशीचा फोटो आम्ही सहाऐवजी बावीस फ्रेम थांबवलाय. नाव त्याच फोटोवर येतं, नंतर थेट भोंगा.

एक अडचण मात्र आहे. कोरड्या मारुतीवरून फोटो सुरू होतात तिथे मेचा आवाज कापला की धक्का बसतो. आवाजवालीताई, घंटा कुठवर पुढे ओढू?

---

आवाजवाली | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४०

कापूच नका. पहिल्या दहा-बारा फोटोंवर मेचीच पहाट चालू द्या. पायऱ्यांवरचं धुणं आधी जाऊ दे, मग कबुतरं, घंटा शेवटी. पाण्याने पायरी गिळली की धुणारी माणसं आपोआप वर सरकतात, त्याच क्रमाने आवाज काढा. फाईल पाठव, रात्री बसून बघते.